पत्र्याचा कूलर: ४४ अंशांत किती गार, किती पाणी, आणि ते पाणी कुणाचं

विदर्भात होळी आटोपली की रस्त्याच्या कडेला पत्र्याचे कूलर रांगेने उभे राहतात. खोका नाही, कंपनीचा शिक्का नाही. पेटी गावातल्याच कारागिराने ठोकलेली, मोटर एकीकडची, पंप दुसरीकडचा. हे परीक्षण त्या वस्तूचं आहे. प्लास्टिकच्या बॉडीचे कंपनीचे कूलरही काम तेच करतात, त्यामुळे फरक पडतो तिथेच त्यांचा उल्लेख येईल.

आधी निकाल. नागपूर, चंद्रपूर, वर्धा, अकोला, जळगाव आणि मराठवाड्याचा बराचसा भाग इथे मार्चअखेरपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत याला तोड नाही. पुण्यात एप्रिल-मेपुरता चांगला. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. आणि घर टँकरच्या पाण्यावर चालत असेल, तर विकत घेण्याआधी खालचा पाण्याचा हिशेब वाचाच.

रचना साधी आहे. तीन बाजूंना ताट्या (जाळीत भरलेले लाकडी तंतूंचे किंवा वाळ्याचे पडदे), खाली पाण्याची टाकी, टाकीत छोटा पंप, पुढे पंखा. पंप पाणी वर नेऊन ताट्यांवर सोडतो, पंखा बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून ओढून आत फेकतो. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती हवेतूनच घेतली जाते. ३० अंशांच्या आसपास एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता खर्ची पडते. हवा गार होते आणि दमट होते, दोन्ही एकदमच. हा सौदा तोडता येत नाही. म्हणून "दमटपणा न वाढवणारा कूलर" अशी पाटी दिसली, तर पुढच्या दुकानात जा.

हवा किती खाली येईल हे बाहेरच्या वेट बल्ब तापमानावर ठरतं. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा सोडला की पारा जिथे स्थिरावतो ते हे तापमान. कूलर त्याच्या खाली जाऊ शकत नाही, चांगला कूलर त्याच्या जवळ जातो. ताट्या नीट भरलेल्या आणि पूर्ण ओल्या असतील, तर कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकाच्या ८० टक्के घट मिळते. हा ८० चा आकडा लक्षात ठेवला की पुढचं गणित तोंडी होतं.

नागपूरची मेमधली दुपार घ्या: ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. वेट बल्ब येतं साधारण २३.३. फरक २०.७, त्याचे ८० टक्के १६.६. म्हणजे कूलरमधून २७.४ अंशांची हवा. पुण्यात ३९ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब २२, आणि हवा २५.४ अंशांची. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला वेट बल्ब २८.५ वर बसतं. कूलर जास्तीत जास्त साडेचार अंश उतरवणार आणि त्या बदल्यात आर्द्रता नव्वदीपार नेणार. अंगावरचा घाम सुकणं बंद झालं की ते साडेचार अंश कुठे गेले तेही कळत नाही. तिथे साधा टेबल फॅन बरा.

हे मोजायला मोबाइलमधलं हवामान ॲप पुरत नाही. ॲपवर सगळ्या शहराचा मिळून एक आकडा असतो, तुमच्या गॅलरीचा नाही. शिवाय आकडा यंत्राने दिला म्हणून खरा असतोच असं नाही. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. घरी दोन सारखे काचेचे थर्मामीटर घ्या (० ते ५० अंशांचे, खोलीत टांगायचे). आधी दोन्ही एकाच जागी ठेवून ते सारखं वाचन देतात का ते बघा. मग एकाच्या फुग्याला जुन्या सुती धोतराची पट्टी गुंडाळा, पट्टीचं टोक वाटीभर पाण्यात सोडा. दोन्ही थर्मामीटर कूलरच्या मागच्या बाजूला सावलीत ठेवून त्यांच्यावर छोटा पंखा सोडा. दहा मिनिटांनी दोन्ही वाचा. मग कोरडा थर्मामीटर कूलरच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर धरा, पण थेंब उडत असतील तर थोडा बाजूला, नाहीतर फुगा ओला होऊन आकडा खोटा पडेल. बाहेरचा कोरडा पारा वजा कूलरच्या तोंडचा पारा, भागिले कोरडा वजा ओला. ०.७५ च्या वर आलं तर कूलर ठीक. ०.६० च्या खाली आलं तर ताट्यांकडे बघा, मोटरीला दोष देऊ नका.

बहुतेक वेळा दोष ताटीच्या वरच्या चार बोटांत सापडतो. लाकडी तंतूंच्या (बाजारात ज्याला सरसकट "गवत" म्हणतात) ताट्या ओल्या झाल्या की स्वतःच्या वजनाने खाली बसतात आणि वर मोकळी फट पडते. हवेला ओल्या तंतूंपेक्षा मोकळी फट सोपी. तीन ताट्यांच्या वरच्या फटीतून दहावा हिस्सा हवा कोरडीच आत गेली, तरी ४४ अंशांच्या दिवशी तोंडचं तापमान दीड अंशाहून जास्त चढतं. उपाय फुकटात होतो: ताटी काढा, जाळी उघडा, तंतू वर ओढून भरा, वर मूठभर नवे घाला आणि मध्ये आडवी तार बांधा. दुसरा दोष वरच्या पाण्याच्या पन्हळीतला. भोकं क्षाराने बुजली की ताटीवर उभे कोरडे पट्टे दिसतात. हे पट्टे बाहेरून उजेडात स्पष्ट दिसतात, त्यासाठी काही खोलावं लागत नाही. भोकं खिळ्याने मोकळी करा आणि पेटी पातळीत आहे का बघा, कारण स्टँड एका बाजूला कललेला असेल तर पाणी एकाच ताटीवर जातं.

वाळ्याच्या ताटीबद्दल विदर्भात भावना तीव्र आहेत. पहिले आठ-दहा दिवस वास सुंदर येतो, त्यात वाद नाही. पण वाळा दाट भरलेला असतो, त्यामुळे हवा कमी ओढली जाते, आणि तंतूंपेक्षा हवा जास्त गार करण्याची कुठलीही खास शक्ती त्यात नाही. वासासाठी घ्यायचा असेल तर मागची एक ताटी वाळ्याची आणि बाजूच्या दोन साध्या, हा मधला मार्ग बरा. मधाच्या पोळ्यासारखी दिसणारी कागदी ताटी (हनीकोम्ब) ९० ते १०० मिलिमीटर जाडीची असेल तर ८५ टक्क्यांच्या आसपास काम देते, बसत नाही, आणि हवाही मोकळी जाते. तिचा शत्रू क्षार. बोअरच्या जड पाण्यावर तिची नळकांडी पांढरी पडून बुजतात आणि एकदा बुजली की घासता येत नाहीत. नळाचं गोडं पाणी असेल तर हनीकोम्ब, बोअर असेल तर दरवर्षी बदलायच्या स्वस्त तंतूंच्या ताट्या.

आता ते प्रश्न, जे दर उन्हाळ्यात नव्याने पेटतात. पहिला बर्फाचा. टाकीत पाच किलो बर्फ टाकला तर? वितळायला किलोमागे ३३४ किलोज्यूल, आणि ते पाणी २४ अंशांपर्यंत यायला आणखी शंभर. पाच किलोंचे झाले सुमारे २१७० किलोज्यूल. वर आलंच आहे की एका लिटरच्या वाफेला २४३० लागतात. म्हणजे पाच किलो बर्फाची सगळी कमाई एका लिटर पाण्यापेक्षा कमी, आणि तेवढं पाणी भर दुपारी चालता कूलर साडेपाच मिनिटांत उडवतो. बर्फ फ्रीजमध्ये तयार करायला वीज गेली ती वेगळीच, आणि फ्रीजने ती उष्णता मागच्या बाजूने घरातच सोडली. बर्फाचा ट्रे असलेला कूलर घेऊ नका असं म्हणत नाही. त्या ट्रेसाठी जास्त पैसे मोजू नका.

दुसरा, गच्चीवरच्या टाकीतल्या कढत पाण्याचा. दुपारी नळाला ४० अंशांचं पाणी येतं, ते घालून काय उपयोग, असं वाटणं साहजिक आहे. ६० लिटर पाणी ४० वरून २४ वर यायला सुमारे ४००० किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे पावणेदोन लिटरची वाफ. कूलर ते काम दहा मिनिटांत स्वतःच करतो, कारण फिरतं पाणी शेवटी वेट बल्बपाशीच येऊन थांबतं, सुरुवात कुठूनही होवो. फक्त ती पहिली दहा मिनिटं हवा नरम लागते. आधी पंप सुरू करून पाच-दहा मिनिटांनी पंखा लावण्याची जुनी सवय याच कारणाने योग्य आहे, आणि कोरड्या ताट्यांतली वर्षभराची धूळ खोलीत उडत नाही हा वरचा फायदा.

तिसरा, मागून ऊन पडण्याचा. पश्चिमेच्या खिडकीत कूलर बसवला की ताटीवर थेट ऊन येतं. एक चौरस मीटर ताटीने ७०० वॅट ऊन प्यायलं असं धरा. त्याने तासाला एक लिटर पाणी जास्त उडतं, आणि हवेचा वेट बल्ब जेमतेम अर्धा अंश चढतो. म्हणजे वर छज्जा किंवा हिरवी जाळी लावणं फायद्याचं आहे, पण गारव्यासाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त. लोक याच्या नेमकं उलट समजतात.

चौथा प्रश्न बंद खोलीचा, आणि इथे सर्वांत जास्त कूलर वाया जातात. एसीची सवय झालेला माणूस दारं-खिडक्या लावून कूलर आतच ठेवतो. बंद खोलीत हवा तीच फिरते. तापमान थोडं उतरतं, आर्द्रता चढते, वेट बल्ब जागचा हलत नाही. एकूण उष्णता तर कमी होतच नाही, उलट मोटरीचे दीड-दोनशे वॅट त्यात भर घालतात. अर्ध्या तासात गादी ओलसर लागायला लागते. कूलरची पाठ बाहेर हवी आणि समोरच्या भिंतीत हवेला वाट हवी. तासाला १५०० घनमीटर हवा फेकणाऱ्या कूलरला साधारण दोन चौरस फूट उघडी जागा पुरते. खिडकीची एक झडप बोटभर ढकलून ती मिळत नाही. उदबत्ती पेटवून त्या वाटेजवळ धरा: धूर सरळ, जोरात बाहेर गेला पाहिजे. तो घुटमळत असेल तर वाट कमी आहे. आणि उघडं दार कूलरच्या शेजारीच असेल, तर गार हवा तिथूनच परत जाते, पलंगापर्यंत पोचत नाही.

यातूनच पाचवं कोडं निघतं. तासाला १५०० घनमीटर हवा ४४ वरून २७.४ वर आणणं म्हणजे साडेसात किलोवॅटच्या वर शीतलन, दोन टनांहून जास्त (एसीचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट). मग दीड टनाचा एसी खोली २४ वर नेतो आणि हा "दोन टनी" कूलर ३० च्या आसपास का रेंगाळतो? कारण ही सगळी गार केलेली हवा आपण बाहेर फेकतो. बारा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीतली हवा दर पावणेदोन मिनिटांनी पूर्ण बदलते. २७.४ ची हवा आत आली आणि ३१ वर बाहेर गेली, तर भिंती-छताची उष्णता उचलली गेली जेमतेम १.६ किलोवॅट, म्हणजे अर्धा टन. वरच्या मजल्यावर स्लॅब तापलेला असतो तिथे हा अर्धा टन तोकडा पडतो. तिथे टाकी मोठी घेऊन काही होत नाही, पंखा मोठा लागतो.

पंख्यावर लिहिलेला हवेचा आकडा मात्र मनावर घेऊ नका. तो ताट्या न लावता मोकळ्या पंख्याचा असतो. खरा आकडा पाण्यावरून काढता येतो. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या दुपारी दर हजार घनमीटर हवेमागे सुमारे साडेसात लिटर पाणी उडतं. टाकी खुणेपर्यंत भरा, बरोबर एक तास चालवा, मग मापाच्या बादलीने परत खुणेपर्यंत भरा. अकरा लिटर लागले तर हवा १५०० घनमीटर. पेटीवर ४००० लिहिलेलं असेल तर हसून सोडून द्या.

पाण्याचा मुद्दा इथून सुरू होतो. अकरा लिटर हा भर दुपारचा दर. पहाटे दोनच्या पुढे बाहेर ३२ अंश आणि ३० टक्के आर्द्रता असताना तोच कूलर तासाला सातच्या आसपास घेतो. दुपार-रात्र मिळून आठ तासांचे ८० लिटर धरू. पण ही वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षाराचं पाणी असेल तर रोज ४० ग्रॅम, दोन महिन्यांत जवळजवळ अडीच किलो. तो पांढरा थर ताटीवर, पंपाच्या जाळीत आणि पत्र्याच्या सांध्यांवर बसतो आणि सांध्यांना गंज धरतो. म्हणून नुसतं वरून पाणी भरत राहणं चूक. रोज तळाचं वीसेक लिटर काढून टाकलं, तर टाकीतले क्षार मूळ पाण्याच्या पाचपटीवर थांबतात. हे पाणी संडासात किंवा फरशीला वापरा. कुंड्यांना घालू नका, पाचपट खारं पाणी तुळस सहन करत नाही.

म्हणजे दिवसाला शंभर लिटर. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी माणशी रोजचं प्रमाण ५५ लिटर आहे. एक कूलर जवळपास दोन माणसांचा वाटा पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा पहिल्या फेरीत पाच लाख लिटर आलं. पाच हजार कूलर ते एका दिवसात उडवतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग एसी लावा, त्याला पाणी लागत नाही. लागतं, फक्त ते आपल्या नळातून जात नाही. कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना केंद्र सरकारच्या २०१५ च्या अधिसूचनेने घातलेली मर्यादा आहे दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर, म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी तासाला सरासरी एक युनिट खातो असं धरलं तर आठ तासांचे २८ लिटर, चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीज केंद्राच्या खात्यावर. कूलरची वीज तासाला ०.२ युनिट, तिचे पाच-सहा लिटर. बेरीज अशी: कूलर शंभरावर पाच-सहा लिटर आणि सव्वा किलोच्या आत कार्बन डायऑक्साइड, एसी २८ लिटर आणि साडेपाच किलोंच्या वर (युनिटमागे ०.७ किलो धरून). एसी याशिवाय खोलीची उष्णता आणि स्वतःची वीज मिळून साडेसहा किलोवॅटपर्यंतचा झोत शेजाऱ्याच्या खिडकीपाशी सोडतो. ती खिडकी ज्याची, त्याला एसी परवडत असेलच असं नाही.

"वाफ झालेलं पाणी पावसाने परतच येतं" हा युक्तिवाद भौतिकशास्त्र म्हणून खरा आणि हिशेब म्हणून फसवा. ते परत येतं ते जूननंतर, आणि कुठे पडेल ते आपल्या हातात नाही. विहिरीची पातळी मात्र मेमध्येच उतरलेली असते. माझं मत सांगायचं तर लिटरांची तुलना पाण्याच्या ठिकाणाशिवाय करूच नये. ज्या शहराला धरणातून मेमध्येही रोज पाणी येतं, तिथे कूलर एसीपेक्षा स्वच्छ पर्याय आहे. ज्या गावात सार्वजनिक विहिरीवर रांग आहे, तिथे शंभर लिटर ही चैन आहे, वीज कितीही वाचो. त्यातही टिनाच्या छपराखाली तान्हं मूल किंवा आजारी म्हातारा माणूस असेल, तर नवतप्यात (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) तो कूलर औषधात मोजावा. रिकाम्या हॉलमध्ये पाहुणे येतील म्हणून चालू ठेवलेला मोजू नये. दोन्हींना एकच नियम लावणारे लोक मला कळत नाहीत.

कमी करायची एक चांगली वाट आरओची आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर टाकून देतो. २० लिटर पिण्याचं पाणी करणाऱ्या घरात ५० लिटरच्या आसपास असं मिळतं, म्हणजे कूलरची अर्धी तहान. हे पाणी मूळच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने जास्त खारं असतं, इतकंच. तळाचं पाणी काढताना वीसऐवजी तीस लिटर काढा. हनीकोम्ब ताटीला मात्र ते देऊ नका.

पत्र्याच्या कूलरचा खरा दोष विजेचा आहे, आणि याच एका बाबतीत प्लास्टिकची बॉडी निर्विवाद सरस आहे. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, बरेचदा पाणी भरताना. टाकी रिकामी होते, पंप कोरडा चालून तापतो, त्याचं इन्सुलेशन फुटतं, आणि पुढचं पाणी भरताच पेटीत वीज उतरते. ओल्या हाताचा माणूस ओल्या फरशीवर उभा असेल तर त्याचा रोध हजार ओहमच्या घरात येतो. २३० व्होल्टला २३० मिलिॲम्पिअर. तेवढं जीव घ्यायला पुरेसं आहे, आणि १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचला) त्याची चाहूलही लागत नाही. ती १६,००० मिलिॲम्पिअरच्या पुढे जागी होते. इथे काम करते ती ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज जमिनीकडे गळताच पुरवठा तोडणारा स्विच), सोबत चालू अर्थिंग आणि तीन पिनांचा प्लग. पेटी लाकडी पाटावर ठेवणं हा उपाय नाही, कारण उतरलेली वीज पेटीतच राहते आणि पुढच्या हाताची वाट बघते. अर्थिंगची तार नळाला बांधण्याची जुनी युक्तीही गेली, आता पाइप प्लास्टिकचे आहेत. टेस्टर निरोगी कूलरवरही कधी कधी मंद पेटतो, आणि धोक्याच्या कूलरवर पायातल्या रबरी चपलेमुळे न पेटण्याची शक्यता असते. त्याच्या भरवशावर राहू नका. भाड्याच्या घरात आरसीसीबीचा खर्च कुणाचा यावर घासाघीस होते. माझ्या मते घरमालकाचा, कारण अर्थिंग ही भिंतीची गोष्ट आहे. पण तो करत नसेल तर भांडण जिंकेपर्यंत थांबू नका, बसवून घ्या. पाणी भरताना स्विच बंद पुरत नाही, प्लग उपटायचा.

घेताना पत्र्याचा गेज विचारा: २२ जाड, २४ चालेल, २६ पातळ आणि दोन-तीन हंगामांत तळ गळतो. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात असू द्या. पेटी मुठीने वाजवून बघण्यापेक्षा वजन विचारा. पंख्याची पाती आणि गोल रिंग यांत सगळीकडे सारखी, बोटभराच्या आतली फट हवी. जास्त असेल तर हवा तिथूनच मागे फिरते. मोटर तांब्याच्या वाइंडिंगची आहे हे बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आवाज दुकानातच ऐका. निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पूर्ण वेगातला पत्र्याचा कूलर ती सहज ओलांडतो. मोटरीच्या पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले की पेटीचा घुमणारा आवाज बराच खाली येतो. पुढे कधी पंखा हाताने ढकलल्यावरच फिरायला लागला, तर मोटर जळाली असं समजून बदलू नका, आधी कंडेन्सर बदला.

पावसाळा लागला की वेट बल्ब २६ च्या वर जातं. तिथे पंप बंद करा, नुसता पंखा चालवा, आणि टाकी त्याच दिवशी रिकामी करा. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी झाली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. हंगामातही आठवड्याला एक दिवस टाकी पूर्ण कोरडी करून ताराच्या घासणीने कडा घासायच्या, कारण अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवसच लागतात आणि तो डास शेजाऱ्यालाही चावतो. शेवटी तंतूंच्या ताट्या फेकून द्या, पुढच्या वर्षासाठी जपू नका, त्यांना कुबट वास येतो. पंप काढून लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवून क्षार उतरवा, पत्र्याच्या तळाला आतून बिटुमेनचा हात मारा, आणि मोटरीच्या बुशला मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडून पंखा हाताने चार वेळा फिरवून ठेवा.